आक्काच्या वाटणीचं पाणी

प्रिय आक्का, जय भीम.

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची कौशी. "पाव्हणे यायलेत, चहा ठेव," म्हणाली अन् स्वतःच टेकून बसली. मग आले लोहा गावचे भाऊ-बहीण. भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. बहीण द्यायला तयार, घरचे आडवे. किडनी घेतलेली बाई, म्हंजी मी, एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून आले.

मी नवं लुगडं नेसून बसले होते. भाकरी थापते, नातीला शाळेत सोडते, सगळं सांगितलं. ती पोरगी ऐकत राहिली अन् एकच बोलली, "मावशी, घेणारी दिसली. देणारी कुठाय?"

आपली रमा, सात वर्षांची, मधीच म्हणते, "आक्काआजी? ती आजीच्या पोटात हाय. तिला लई पाणी लागतं."

सगळे हसले. हिचं बोलणं ऐकायला मी उरले, ती तुझ्यामुळंच की! पण खोटं कसं बोलू? म्हणलं, आक्का गेली.

भाऊ उठलाच. "चल ताई. मला न्हाई पाहिजे."

"लोक म्हणतेतच की, किडनी दिली म्हणून गेली," कौशी म्हणाली. तू गेलीस तवाबी ती हेच म्हणली होती. तवा मी गप बसले, ते आजपत्तुर टोचतंय. या खेपेला बोलले, "कौशे, दिल्यावर तिनं सोयाबीन काढलं, लेकाच्या वरातीत नाचली. गाडीवरून पडून गेली ती." मागं बसल्यावर धरून बसावं, किती सांगितलं होतं ग तुला!

भावाला म्हणलं, "बस बाबा. दे म्हणून मी सांगणार न्हाई. देणाऱ्याची आधी समदी तपासणी करतेत. डॉक्टरचं ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा."

तो बसला. मग पोरीनं हळूच विचारलं, "त्यांचा वण दुखायचा का?"

मी कधी विचारलंच न्हाई, आक्का. म्हणून हे लिहायला बसले.

तो दुष्काळ आठवतो? मी डायलिसिसच्या मशीनवर होते तवा पाणी घोटा-घोटानं. नवी किडनी बसली तर डॉक्टर म्हणाला, भरपूर प्या. अन् इकडं टँकर आठ दिवसाला! तुला भरली कळशी उचलायची मनाई, म्हणून तू तुझ्या वाटणीचं पाणी तांब्या-तांब्यानं आणायचीस. "पी, माझ्या किडनीला तहान लागली." मी उकळून, गाळून प्यायचे. तू काय पीत होतीस?

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तुझं लगीन. मी तुझ्या नव्या चपलेसाठी रडले, तर तू अनवाणी सासरी गेलीस. तवाबी तुझे पाय भाजले का, ते विचारलं न्हाई.

पोरगी जाताना म्हणाली, "तपासणीचं विचारून येतो, मावशी."

शब्द देते, आक्का. ती आली की पहिला तांब्या तिच्यापुढं ठेवीन. अन् पुढं जे ठरंल ते ठरो, तिला दुखतं का, हे मी दर खेपेला विचारीन.

बुधवारी यायलेत दोघं.

तुझी घेणारी बहीण,
शांता