टोरीचं तेल आणि मागचा ब्रेक

गडचिरोली
ता. २२ एप्रिल २०२५

आफ्रीनच्या अब्बांना नसीमचा सलाम.

इथे सगळं ठीक आहे. तुम्हीही सादिकभाईंकडे मजेत असाल. मोठ्या भावाच्या घरी रुसून बसलेल्या माणसाला काय कमी असणार? आफ्रीनचा ब्रह्मपुरीहून रोज फोन येतो. तिची परीक्षा चालू आहे, म्हणून तिला सांगितलं की अब्बा चामोर्शीला दरवाजे बसवायच्या कामाला गेलेत. हे खोटं माझं नाही, तुमचं आहे, मी फक्त बोलले.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. भाबींना फोन केला तर त्या म्हणतात, झोपलेत. उन्हं डोक्यावर आली तरी झोपलेत. आणि परवा त्या असंही म्हणाल्या की गाडीतच काहीतरी खोट होती. तेव्हा मला कळलं, तिकडे तुम्ही काय सांगत सुटला आहात ते. म्हणून झालं ते नीट लिहून देते, म्हणजे त्या दोघांनाही वाचून दाखवता येईल.

मोटरसायकलचा मागचा ब्रेक महिनाभर खरखरत होता. पॅड झिजून पत्र्याला आले होते, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. चौकात दोन मेकॅनिक बसतात, पण तुमचं आपलं एकच: "आपली गाडी दुसऱ्याच्या दारात नाई जात." तुमचे मरहूम अब्बा बैलगाड्या बनवायचे, त्यांच्या हातच्या चाकांना लांबून गिऱ्हाईक यायचं, हे सगळं मला मान्य आहे. पण त्या गाड्यांना ब्रेक नव्हता, बैल होते. आणि बैलांना अक्कल असते.

अंगणात पोतं अंथरून तुम्ही बसलात. मोबाइल विटेला टेकवून ठेवला, त्यातला माणूस जे करेल ते करत गेलात. बोल्ट खोलले, पिन ओढली, जुने पॅड काढले, नवे बसवले. इथवर सगळं बरोबर होतं. हे लिहायला जिवावर येतं, पण बरोबर होतं. मग चाक फिरवून पाहिलं तर नवे पॅड जरा खरखरले. मोबाइलमधला माणूस सांगतच होता की चालवली की खरखर आपोआप जाईल. तुम्ही त्याला बंद केलंत, कोनाड्यातली मोहाच्या बियांच्या, टोरीच्या तेलाची बाटली काढलीत आणि म्हणालात, "चाक कुरकुरलं का तेल मांगते. अब्बा सांगे."

मी विचारलं, "ब्रेकले कोनी तेल लावते का?"

"तुले काय समजते त्यातलं?"

मला काहीच समजत नव्हतं. फक्त तव्यावर तेल पडलं की डोसा सरकतो, एवढं माहीत होतं.

पुढे काय झालं ते शेजारच्या सोनीबाईंना विचारा. आवाज गेला आणि ब्रेकही गेला. गल्लीच्या उतारावर तुम्ही पाय दाबत राहिलात, आणि तुमचा पाय घाबरला की हात विसरतो, म्हणून हातातला पुढचा ब्रेक तसाच राहिला. त्यांनी वाळत घातलेली मोहफुलं तुडवून गाडी थेट शेणखताच्या ढिगात. आजूबाजूचे धावून येईपर्यंत सोनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "काऊन जी अल्ताफभाऊ, थांबाले दुसरी जागा नाई भेटली का?"

गल्ली हसली. मीही हसले. तुम्ही सगळ्यांना सोडलं आणि माझ्याकडे पाहिलंत. "हसली न तू? आता तूच चालव गाडी." किल्ली माझ्या पायाशी फेकलीत आणि शेणाच्या पँटीनिशी स्टँडकडे चालू लागलात. घराण्याची अब्रू जपायची ही रीत मला नवीन होती. निदान पँट तरी बदलायची.

तर मी चालवायचं ठरवलं. तेल प्यायलेले पॅड फेकले, ते पुसून काही उपयोग नसतो. दुकानातून दुसरे आणले. डिस्क भांड्याच्या साबणाने घासली, मग दुकानदाराने दिलेल्या औषधाने पुसली. पिस्टन आत दाबायला तुमचीच लाकडी पाचर घेतली, हळूहळू दाबला. दुकानदार म्हणाला होता, "बाई, पायडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, मंगच गाडी बाहेर काढा." तसंच दाबत राहिले. सोनीबाई शेजारी बसून फुलांतलं शेण निवडत होत्या. मध्येच म्हणाल्या, "भाऊ कधी येते वो?" रोज विचारतात. त्यांना फुलांचा राग नाही. बाईमाणसाला सवय असते, कुणी तुडवलं की निवडत बसायची.

माहेरी एटापल्लीला मी गाडी चालवायची, हे तुम्हाला माहीत आहे. निकाहानंतर मागच्या सीटवर बसले, ती बसलेच. त्या दिवशीही मागे बसणारच होते. चप्पल सापडेना म्हणून आत गेले, तेवढ्यात तुम्ही "जरा फिरवून पाह्यतो" म्हणून निघालात. आवाज आला तेव्हा मी एक चप्पल पायात, एक हातात, अशी धावत आले. ढिगातून आधी तुमचं डोकं वर आलं, मग हात, मग तुम्ही उभे राहिलात. सगळं जागच्या जागी होतं. मला रडायचं होतं. तोंडातून हसू निघालं. मी किती घाबरले होते ते शेणात उभ्या असलेल्या माणसाला काय दिसणार?

आता खरी बातमी. परवा बाजाराच्या दिवशी मी गाडी घेऊन चामोर्शीला आले होते.

सादिकभाईंच्या घरासमोर आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून लसूण सोलत होता. आपल्या घरात इतक्या वर्षांत एक पाकळी सोलली नाहीत. मी पाय दाबला. गाडी जिथे थांबवायची होती, तिथेच थांबली, आणि जराही आवाज झाला नाही. खरखरली असती तर तुम्ही मान वर केली असती. तुम्ही सोलतच राहिलात. हाक गळ्यापर्यंत आली होती. पण आपली गाडी दुसऱ्याच्या दारात जात नाही ना, म्हणून वळवली आणि परत आले.

गाडीला हा नियम लावता, तर स्वतःलाही लावा. घर रिकामं वाटतं, हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. पत्र जीपवाल्या पोचूच्या हाती देते. परत येताना त्याच्याच जीपमध्ये बसा. मी स्टँडवर गाडी घेऊन उभी राहीन. तुम्ही मागे बसायचं, दोन्ही हातांनी मला धरायचं, आणि घर येईपर्यंत ब्रेकविषयी एक शब्द काढायचा नाही.

तुम्ही फेकलेली किल्ली उचलून ठेवणारी,
नसीम