झिगझॅग दातांचा मासा

३ डिसेंबर, मंगळवार
आजपासून रागावणं बंद. कॉलेज रागानेच सुटलं. जिऑलॉजीचे सर "खाली बस" म्हणाले, मी सेकंड इयरमधून कायमचा उठलो. पण ज्ञान वाया गेलेलं नाही. गायत्री मराठी शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनाला नामशेष प्राण्याचं मॉडेल हवंय म्हणाली, डायनासोर सोडून. मी लगेच एडेस्टस सांगितला. तीस कोटी वर्षांपूर्वीचा, शार्कसारखा, अंगात हाड नाही, नुसती कूर्चा. वर-खाली जबड्याच्या मधोमध दातांची एकेकच ओळ. अख्खं खानदान तसंच, अख्खं नामशेष. म्हणाली, "मग तूच कर." बक्षीस मिळालं की तिथेच मनातलं सांगणार.

५ डिसेंबर, गुरुवार
दातांचा प्रश्न सुटला. मार्केटमध्ये शेठच्या दुकानात दिवसभर ज्या झिगझॅग कातरीने मी कापडाची सॅम्पलं कापतो, तीच घरी आणली. थर्माकोलच्या माशात बसवली. पोट दाबलं की तोंड मिटतं. शेठ म्हणाले, "कातर क्यां गई?" धार लावायला दिलीय म्हणालो.

९ डिसेंबर, सोमवार
आई म्हणाली, सुसर छान झालीय. रागावलो नाही. फक्त जेवलो नाही.
वाचलं की याचे जुने दात पडायचे नाहीत, पुढे ढकलले जायचे. गायत्रीला सांगितलं. म्हणाली, "तुझ्यासारखाच, जुनं काही सोडत नाही." मुलगी मला ओळखून आहे.

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट. वाक्य पाठ. राग शून्य.

संध्याकाळी
परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक. नुकताच सत्कार झालेला, अंगावर शाल. म्हणाले, "असे दात असतात का कुठे? कल्पना बरी आहे." शांतपणे समजावलं. म्हणाले, "बाळा, कॉलेज कुठलं?" मग मासा जवळून दाखवायला त्यांच्या छातीपर्यंत नेला. पोट जरा जोरात दाबलं गेलं. शालीचा कोपरा माशाच्या तोंडात राहिला. झिगझॅग कापल्यामुळे एकही धागा सुटला नाही, हे कोणी लक्षातच घेतलं नाही.
वाक्य राहिलं.

१६ डिसेंबर, सोमवार
शेठना कातर परत केली, थर्माकोलसकट. दुपारी गायत्री दुकानात आली. परीक्षकांची माफी तिनेच मागितली. मुलं विचारतात म्हणे, मासेवाले काका परत कधी येणार. मी एकवीस वर्षांचा आहे. जाताना म्हणाली, "जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भर. तोवर शाळेकडे येऊ नकोस." शालीचा तुकडा काउंटरवर ठेवून गेली.
रागावलो नाही. तुकडा सॅम्पल बुकात चिकटवला. तासाभरात एका व्यापाऱ्याने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. किती मीटर मिळेल म्हणाला. शेठ माझ्याकडे बघायला लागले.
म्हटलं, एवढाच आहे.