अक्काचं पोहणं

१९ जाने. ९२, रवि.
तापीचं पाणी बर्फ. तरी घाटापासून वाळूच्या बेटापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. कॉलनीतली चार घरं मिळून काठावर भरीत केलं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. अक्काला मुद्दाम आणलं. भाऊजी गेल्यापासून पारोळ्याला एकटीच होती, दिवाळीनंतर माझ्याकडे आली. दिवसभर गप्प असते. परतताना म्हणाली, "तुम्ही बठ्ठा भाऊ इहिरमा पव्हेत, मी काठवर कपडा धरी बसू. माले बी शिकाड."
वय अठ्ठावन्न. हसलो. ती हसली नाही.

८ मार्च, रवि.
पहाटे सहाला धुणं धुतात त्या जागेच्या वर गेलो, तिथं कोणी नसतं. तेलाचा रिकामा डबा, तोंड डाग देऊन बंद केलेला, अक्काच्या पाठीला बांधला. लुगड्याचा कासोटा घट्ट. शोभाही कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, नणंदेचा हात धरून. अक्काची मूठ सुटेना. अर्धा तास नुसते पाय मारले.

२२ मार्च
नाकातोंडात पाणी गेलं. घरी येऊन ताप. शोभा माझ्यावर चिडलेली. अक्का पांघरुणातून म्हणते, पुढच्या रविवारी जायचंच.

१९ एप्रिल, रवि.
नदी अर्ध्यावर आली. पात्रात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या. डबा सोडला. दहा आकडे मोजेपर्यंत तरंगली, मग खाली. दुसऱ्यांदा सतरा. वाडीवाली बाई बघत होती. तिनं एक डांगर फोडून दिलं, "आजी, भूक लागली असंल." तीही बसली, तिघांनी वाळूवर बसून खाल्लं. अक्काच्या हनुवटीवरून रस, पुसायचं भान नाही.

२४ मे
दुपारची सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळीच. सातला सुद्धा वाळू चटके देते. अक्का बेटापर्यंत गेली. मी शेजारून, हात न लावता. तीसेक हात अंतर. बेटावर पाय टेकले आणि खाली बसली ती उठेना. दम लागला का विचारलं. नाही म्हणाली. आपण आलो त्या काठाकडे बघत राहिली बराच वेळ.

२१ जून, रवि.
विजय आला धुळ्याहून, अक्काचा मुलगा. कॉलनीतल्या कोणीतरी त्याला सांगितलंय. "मामा, तिचं वय काय, तुम्ही करता काय! लोक हसतात ते सोडा. काही झालं तर?"  
अक्का आतून तांदूळ निवडता निवडता: "मी कोठेबी जाऊ त तुना बापले ईचारू. आते तुले ईचारू का?"
विजय चहा न घेता गेला. दिवाळीनंतर तिला न्यायला येईन म्हणाला. वाईट वाटलं. पोरगा चुकीचं बोलला नाही.

९ ऑग.
पूर. बेट, वाड्या, घाटाच्या पायऱ्या, सगळं पाण्याखाली. लांबून बघून आलो दोघं. अक्काला गुडघ्याचा त्रास, तरी रोज चालते. हल्ली शोभाशी भांडतेसुद्धा, मिठावरून वगैरे. बरं वाटतं ऐकायला.

१८ ऑक्टो., रवि.
लिहायला हात वळत नाही.
पात्र बदललंय. मी आधी उतरून तळ बघितला, ठीक वाटला. बेट थोडं खाली सरकलंय. मधे धार एवढी असेल हे कळलं नाही. अक्का बेटाच्या बाजूनं धारेत वाहत गेली. मी मागे, पण अंतर वाढतच गेलं. डोकं दिसायचं, मग नाही, मग परत. हाका मारल्या. पुढच्या वळणावर पलीकडच्या उथळात उभी दिसली, गुडघाभर पाण्यात, लुगडं पिळत.
"पाय थकी गयात. मंग उतानी पडी गऊ. धारले म्हनं, ने कोठे नेस ते."
 नावाड्यानं परत आणलं. शोभाला सगळं सांगितलं. ती अक्काचे केस पुसत बसली.

१ नोव्हें., रवि.
विजय काल आला. आज सहाला तोही नदीवर आला, स्वतःहून. त्याला पोहता येत नाही. अक्का काठाकाठानं वीस-पंचवीस हात पोहली, धारेकडे गेली नाही. विजय बघत होता.
ती कपडे बदलत असताना त्याला १८ तारखेची गोष्ट सांगितली. सांगायलाच हवी होती. ऐकून घेतली. किती खोल आहे, एवढंच विचारलं. मधे दोन पुरुष, म्हणालो. 
अक्काची पिशवी भरलेली होती. स्टँडवर तिघं उभे. धुळ्याची गाडी लागली तेव्हा अक्कानं त्याला विचारलं, "तुमनी पांझरा नदीमा पानी शे का रे आते?"
विजय पिशवी वर चढवत होता. थांबला.
"पुलाच्या वरच्या अंगाला असेल," म्हणाला. "बघावं लागेल."