शिट्टी कोण वाजवील : जयमाला टिपणीस यांची अखेरची व्यवस्था

मी, सौ. जयमाला विश्वजित टिपणीस, वय वर्षे ५१, मूळची राहणार कोथरूड, पुणे, हल्ली मुक्काम नागोया, जपान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी पूर्ण शुद्धीत आहे, आणि खूप घाबरलेलीही आहे. घाबरलेल्या माणसाची बुद्धी ठिकाणावर नसते असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही, हे मी तपासून घेतले आहे.

१. हे आत्ताच का लिहायचे, ते आधी सांगते. एप्रिलमधल्या सराव सामन्यात मी पंच म्हणून उभी असताना एक दांडगा मुलगा सीमारेषेबाहेर घरंगळत आला आणि मी त्याच्याखाली सापडले. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण खबरदारी म्हणून डोक्याचा स्कॅन काढला, तेव्हा मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली दिसली. येत्या मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेवर कळले. तेव्हापासून मी खाली वाकून बुटाची नाडीसुद्धा बांधत नाही.

२. कोथरूडचा फ्लॅट आईने मला एकटीला दिलेला आहे. तो माझी मुलगी मैथिली हिला द्यावा. ती इथेच जपानात, सेंदाईला शिकते, पुण्यात परत जाईल असे वाटत नाही. तिने तो विकला तरी माझी हरकत नाही.

३. माझ्या नावावरची सर्व शिल्लक, इथली आणि पुण्यातली, माझे पती विश्वजित यांना मिळावी. तेच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक. अहो, प्लास्टिकचा कचरा धुऊन मगच पिशवीत टाकत जा. शेजारच्या आजी तुम्हाला काही बोलत नाहीत, मला बोलतात.

४. माझा भाऊ संजीव यास बाबांचे भिंतीवरचे घड्याळ. मैथिलीच्या वाढदिवशी, घरभर पाहुणे असताना, "बायकांनी पोरांच्या धक्काबुक्कीत शिट्ट्या फुंकायच्या म्हणजे काय!" असे म्हणून तो हसला होता. ते मी विसरलेले नाही. घड्याळ तरीही त्याचेच, कारण बाबांना तसे हवे होते.

५. पंचगिरीचे सामान, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, पिवळे रुमाल आणि नियमांचे पुस्तक, कुरोइवा-सान यांना द्यावे. पुण्यात मी शाळांच्या खो-खोची पंच होते. विश्वजितच्या बदलीमुळे इथे आले आणि रोज दुपारी नदीकाठी नुसती फिरत असे. तिथे विद्यापीठांची मुले अमेरिकन फुटबॉल खेळत. एकदा मैदानात रुमाल पडलेला पाहून मी पंचांना मोडक्यातोडक्या जपानीत विचारले, "तुमचं काही पडलंय का?" ते कुरोइवा-सान होते. ते हसले नाहीत. नियम मोडला की पंच रुमाल टाकतो, हे त्यांनी नीट समजावून सांगितले आणि म्हणाले, "आमच्याकडे पंच कमी आहेत. पुढच्या रविवारी याल?" मी गेले. तेव्हापासून हा देश मला परका वाटला नाही.

६. आता शिराकीबद्दल. त्याच्यामुळेच पुढचे कलम लिहावे लागत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या शरद हंगामात एका विद्यापीठाचा सामना होता. नाव लिहीत नाही. शिराकी त्यांचा सर्वांत चांगला खेळाडू. त्याचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटले. तो उठला, चालत गेला आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यांचे प्रशिक्षक ओरडले, "इकडे, इकडे! दाइजोबु, ठीक आहे तो!" खेळ सुरू होणार तेवढ्यात मी शिट्टी वाजवली.

प्रशिक्षक माझ्या अंगावर धावून आले. "नियम वाचलेत का? खेळाडू जमिनीवर पडलेला नाही. मग जखमी कसा?"

"नियमात पडलेला असं लिहिलेलं नाही. जखमी असं लिहिलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. म्हणूनच थांबवलं."

कुरोइवा-सान मुख्य पंच होते. माझे म्हणणे ते फेटाळू शकले असते. त्यांनी एवढेच विचारले, "टिपणीस-सान, तुम्ही पाहिलंत?" मी हो म्हटले. ते प्रशिक्षकांकडे वळून म्हणाले, "तो बाहेर जाईल."

तो संघ हरला. शिराकी बाकावरच ओकला आणि कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पण ही बातमी बाहेर यायला वेळ लागला, आणि तोवर त्या संघाचा कोणी चाहता स्टेशनबाहेर, सायकली लावतात तिथे, माझी वाट पाहू लागला. तोंडावर मास्क. पहिल्यांदा नुसता मागे चालला. नंतर म्हणाला, "शिट्टीची फार घाई झाली होती का?" एका सकाळी पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला तर लागला नाही. वायर कापलेली होती. मी कठड्याला सायकल घासत घासत थांबले आणि तिथेच बसून रडले. तो माणूस पोलिसांना सापडला नाही. मी त्याला माफ करत नाही, आणि माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने करूही नये. मी सामने सोडले नाहीत, पण मागे पावले वाजली की आजही माझी पाठ ताठ होते.

तरी माझी खरी भीती ती नाही. मी शिराकीला भेटायला गेले होते. शस्त्रक्रिया झाली होती, तो वाचला होता. त्याची आई सफरचंद सोलत होती. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि अतिशय अदबीने, परक्या माणसाशी बोलावे तसे विचारले, "माफ करा, आपण कोण?" तिने सफरचंदाची फोड त्याच्या हातात दिली आणि आपले नाव सांगितले. दोघांकडे पाहून कळत होते, ती पहिली वेळ नव्हती.

मला मरणाची भीती वाटते. त्याहून जास्त, मैथिलीला "आपण कोण?" असे विचारण्याची वाटते.

७. म्हणून हे कलम. कायद्यात बसो वा न बसो, रुग्णालयाच्या कागदावरही मी हेच लिहून देणार आहे. मी बोलू शकले नाही, कोणाला ओळखू शकले नाही, नुसत्या यंत्रांवर उरले, तर उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे हे मैथिलीने ठरवावे. विश्वजितने नाही. अहो, रागावू नका. तुम्ही कोणालाच थांबा म्हणू शकत नाही. म्हणूनच तुमच्याशी लग्न केले.

शस्त्रक्रियेसाठी सेंदाईहून आलेल्या मैथिलीला हे मी काल स्वयंपाकघरात सांगितले. ती एकदम "इयादा!" म्हणाली. लहानपणी इंजेक्शनला नको म्हणताना हाच शब्द ओरडायची. मग बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढत राहिली. परत आली तेव्हा मराठीत बोलली.

"आई, तू मला सांगतेयस की थांबव. बरोबर?"

"हो."

"मग मला नाही जमणार. तू आधीच ठरवून ठेवलंयस, मी नुसती शिट्टी फुंकायची. तुला कुणी मॅचच्या आधी सांगितलं असतं, या मुलाला बाहेर काढ, तर तू काढलं असतंस?"

मी तिच्या हातातले कपडे घेऊन घड्या घालू लागले.

"मी तिथे असेन. मी बघेन," ती म्हणाली. "मला वाटलं तर थांबवीन. नाही वाटलं तर तू मला ओळखत नसलीस तरी नाही थांबवणार. रोज नाव सांगेन. चालेल?"

मला ते चालत नव्हते. रात्रभर चालत नव्हते. सकाळी या कलमाचा पहिला मसुदा फाडला. त्यात "थांबवावे" असे लिहिले होते. आता "ठरवावे" असे आहे. तिने जे पाहिले असेल त्यावरून ती ठरवील. तिचा निर्णय अंतिम. त्यावर डॉक्टरांनी, संजीवने, विश्वजितने किंवा माझ्या या कागदाने वाद घालू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. साक्षीदारांना यात काहीही दिलेले नाही, कारण ज्याला लाभ आहे त्याने साक्ष देऊ नये. वरील मजकूर मी दोघांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : नागोया
दिनांक : ८ जून २०२५

(सही) जयमाला विश्वजित टिपणीस

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली :
१. (सही) चित्रा नाबर, नागोया
२. (सही) नंदकिशोर पेठे, नागोया