रस्स्यावरचा आळ

२० जुलै, रविवार
श्रावणाआधीचं शेवटचं मटण. दादा सकाळीच पिशवी घेऊन हजर. मसाला आईच्या पाट्यावर वाटला. मिक्सरचा दादाले चालत नाही. खोबरं-खसखस भाजल्याचा वास सुटला आन् कोष्टीपुऱ्यातलं जुनं घर डोळ्यांपुढं उभं राहिलं. बाबांचा हातमाग, दिवसभर खटक-खटक. रविवारी माग बंद आन् घरभर हाच वास. बाबा तर्री वाटीनं प्यायचे, नाक पुसत पुसत. काय दिवस होते!

जेवून दादा छाती चोळत बसला. "रस्सा लागला वं." वरून तंबाखूचा खर्रा आहेच.

बाबाही एका रविवारी रस्सा जेवून असेच चोळत बसले होते. आईनं ओवा-काळं मीठ दिलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. लोक म्हणाले, तिखट बाधलं. आईनं पुन्हा जन्मात रस्सा केला नाही. 'माह्याच हातानं गेले' म्हणायची, स्वतः जाईपर्यंत.

४ ऑगस्ट, सोमवार
दादासोबत रामटेकले. दोघांचाही उपास. लहानपणी बाबा मले खांद्यावर घेऊन गड चढायचे, दादा पुढं माकडांच्या मागं. आज तोच दादा अर्ध्या पायऱ्यांवर बसला. सदरा घामानं ओला, हात छातीवर. टेकला की बरं, चढला की पुन्हा.

"काहून गा दादा?"
"काही नाही वं. साबुदाण्याचा गॅस असन."

साबुदाणा तर डब्यातच! डबा माझ्या पिशवीत, झाकणही उघडलं नव्हतं. आधी हसू आलं, मग दिवस मोजले. मटण होऊन दोन आठवडे झाले. म्हणजे हा रस्सा नाही. आन् मग बाबांचा तरी…

दर्शन न घेताच उतरलो. दवाखाना म्हटलं तर ऐकेना.

९ ऑगस्ट, राखी
ताट तयार. मी म्हटलं, ओवाळणी नको, दवाखान्यात येतो म्हण, मगच बांधीन. बिघडलाच. "मरायले टेकलो काय मी?" गेला तरातरा निघून. मागून वहिनीचा फोन, ती तर रडूनच राहिली होती. आम्ही बहीण-भाऊ भांडलो खूप, पण राखीच्या दिवशी कधी नाही. मी जेवली नाही. भीती वाटून राहिली होती, हीच राखी राहून गेली तर?

संध्याकाळी आला. हात पुढं केला. "बांध. येतो म्हटलं ना."

११ ऑगस्ट, सोमवार
डॉ.कडे. ईसीजी चांगला निघाला. दादानं मले डोळे दाखवले, "पाह्य!" डॉ. म्हणाले, बसलेल्या माणसाचा चांगला येऊ शकतो, मेहनत पडली की खरं कळतं. मग फिरत्या पट्ट्यावर चालवलं. थोड्याच वेळात थांबवलं. हृदयाच्या नळीत अडथळा असावा, अँजिओग्राफी करू. बीपी भलतंच. खर्रा आजपासून बंद. आन् बसल्या जागी दुखलं, घाम सुटला, तर ओवा शोधत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

"वडील कितव्या वर्षी गेले?" मीच सांगितलं, पन्नाशीही पाहिली नाही. डॉ.नी मान हलवली, लिहून घेतलं. मलेही तपासून घ्या म्हणाले.

मी विचारलं, तिखटानं होते काय हो असं? "तिखटानं नळी बंद होत नाही, बाई. तेल मात्र कमी करा."

आई, ऐकलं काय वं? तुझा हात नव्हता. इतकी वर्षं उगाच जीव जाळला. आता कोणाले सांगू मी हे?

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
मारबत पाहायले दादा-वहिनी माझ्याकडे. अँजिओ परवा. गोळ्या सुरू. खर्रा सुटला, पण हात सारखा खिशाकडे जाते, मग लवंग चघळते बिचारा.

मारबतीचा भला मोठा पुतळा गल्लीतून निघाला. लोक ओरडून राहिले, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" लहानपणी बाबांचा आवाज साऱ्यांत मोठा असायचा. दादानं ओरडायले तोंड उघडलं, वहिनीनं डोळे वटारले, जोर नको म्हणून. मग मीच गॅलरीतून ओरडली, "दादाचा खर्रा घेऊन जा गे मारबत!" गल्ली हसली. दादाही हसला.

मग हळूच म्हटलं, "आईवरचा आळ घेऊन जा गे मारबत."

दादानं ऐकलं. डोळे पुसले. "श्रावण संपला ना? परवाचं झालं की रस्सा करजो वं. आईसारखा. तेल कमी टाक पाहिजे तर."

मी आईचा पाटा धुऊन भिंतीले उभा केला. परवा होऊ दे आधी.