तारेला हात लावण्याआधीचं नाव

बाबा,

आधी जे झालं ते क्रमानं लिहिते.

१. आमची कंपनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या काही देशांतल्या तंत्रशाळांसाठी इलेक्ट्रिशियनचा एकच अभ्यासक्रम तयार करते आहे. एका देशातलं सर्टिफिकेट शेजारच्या देशात चालावं, हा हेतू. प्रात्यक्षिक तपासणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे.

२. झांबियातल्या एका शाळेनं मुलांचे व्हिडिओ पाठवले. सॉफ्टवेअरनं जवळजवळ सगळ्यांना नापास केलं. कारण: अनावश्यक थांबा.

३. मी आवाज वाढवून पुन्हा पाहिलं. मेन बंद करून, टेस्टरनं तपासून झाल्यावर प्रत्येक जण डावा हात पाठीमागे नेतो, एक शब्द मोठ्यानं म्हणतो आणि मगच तारेला हात लावतो.

४. तो शब्द म्हणजे तुमचं नाव आहे.

माझ्या जन्माआधी तुम्ही तिकडे शिकवायला होतात, एवढंच मला माहीत होतं. मला आठवतं ते कोकणातलं आयटीआयचं वर्कशॉप. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे स्टुलावर बसलेली असते. तुम्ही पॅनेलसमोर उभे राहता, डावा हात मागे नेता, स्वतःचं नाव स्पष्ट उच्चारता आणि मुलांना म्हणता, "आता तुम्ही." एक मुलगा हसतो. "सर, नाव तर हजेरीला सांगितलं की." तुम्ही म्हणता, "ते मला सांगितलंस. आता स्वतःला सांग. कुणाचा हात आत जातोय ते कळू दे." त्या दिवशी मीही पुढे झाले, तुमच्यासारखा हात मागे नेला आणि तुम्ही म्हटलेलं तसंच्या तसं म्हटलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. "माझं नाही. तुझं. माझं घेऊन काय होणार आहे?" तुमचा आवाज इतका चढलेला मी तेव्हाच ऐकला. एवढ्याशा चुकीला एवढा राग का, ते तेव्हा कळलं नव्हतं. ही चूक तुम्ही आधी कुठेतरी ऐकली असणार, असं आता वाटतं.

त्या शाळेच्या बाईंशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. तिथे त्या वायरिंग शिकवतात. स्क्रीनवर माझं नाव पासपोर्टप्रमाणे तीन शब्दांत येतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तो शब्द तुमच्या नावात कसा?"

"आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं."

"म्हणजे तो माणूस आहे?"

"होता."

त्यांना त्यांच्या सरांनी तो शब्द शिकवला होता, त्या सरांना त्यांच्या सरांनी. कुणी अर्थ विचारला नव्हता. तारेचा शब्द आहे, एवढं पुरे होतं. "मुलांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कोणी पॅनेलला हात लावणार नाही."

"मग न घेता लावतील?"

"न घेता तर नाहीच." त्या हसल्या. मी हसले नाही. त्यांच्या मागे वर्ग चालू होता. कोणीतरी तुमचं नाव घेतलं आणि खोली शांत झाली, जशी हाक मारल्यावर उत्तराची वाट पाहताना होते.

आपल्या घरात तुमचं नाव कोणी घेत नव्हतं. आई 'अहो' म्हणायची आणि तुम्ही गेल्यावर तेही थांबलं. आता ते मी रोज ऑफिसात हेडफोनमधून ऐकते, दरवेळी नव्या आवाजात. ही मुलं जन्मली तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात. तुमच्यासारखंच पहिल्या अक्षरावर जरा थांबून ती ते म्हणतात. ते त्यांना कुणी शिकवलं, हे बाईंनाही सांगता आलं नाही.

माझे बॉस पुण्याचे आहेत. आम्ही दोघं इथे आखातात, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहतो आणि एकाच गाडीनं ऑफिसला जातो. काल गाडीत मी त्यांना, ते नाव तुमचं आहे एवढं वगळून, बाकी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, उडव ती स्टेप. क्लायंट काय मंत्र शिकवायला पैसे देतोय? गुरुवारी फायनल द्यायचंय, मग खलास."

"तेवढ्या वेळात मुलं पॅनेलकडे एकदा नीट बघतात, सर."

"मग 'नीट बघा' असं लिही. नाव कशाला?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण 'नीट बघा' हे प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. स्टेप काढली तर ती मुलं एक तर नापास होतील, नाहीतर पास होण्यासाठी न थांबता हात घालायला शिकतील. ठेवली तर नव्या अभ्यासक्रमाबरोबर तुमचं नाव मलावीत जाईल, बोत्स्वानात जाईल. जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही तिथे मुलं तुम्हाला हाक मारतील, आणि हे मी करवलेलं असेल.

मी इंजिनिअर आहे. एखादी पायरी ठेवायची तर ती काम करते याचा पुरावा लागतो. माझ्याकडे एकच घटना आहे. दुपार. मी स्वयंपाकघरात लसूण सोलते आहे. मागच्या खिडकीतून विहिरीवरचा पंप दिसतो. तुम्ही पंपाचा मेन बंद करता, ते मी पाहते. शेजारच्यांच्या इन्व्हर्टरमधून उलटा करंट आला, हे नंतर कळलं. तुम्ही डावा हात पाठीमागे नेता. त्याच वेळी कुकरची शिट्टी होते, लांबलचक. ती थांबते तेव्हा बाहेर काहीच आवाज नसतो.

तुमच्या बाबतीत स्वतःचं नाव आणि त्या मुलांचा शब्द एकच आहे. तुम्ही तो म्हटला होता आणि तरीही तसं झालं असेल, तर ती नुसती रीत आहे. मी ती काढून टाकेन. म्हटला नसेल, तर ठेवेन आणि बॉसशी भांडेन. हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही, हे मला कळतं. एक मात्र कबूल करते. हेडफोनमध्ये ते नाव आलं की मी मागे वळून पाहते, प्रत्येक वेळी.

त्या दुपारी तुम्ही नाव घेतलं होतं का? गुरुवारी दुपारपर्यंत कळवा.