डबा भरलेलाच परत येतो

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात धुतलेले आहेत. तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहितो.) तुझे गुडघे काय म्हणतात? आणि भावोजींची पाठ? ते आता खुर्चीतून न कण्हता उठतात असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. वाचून बरं वाटलं, जरी माझा अंदाज असा आहे की ते उठतच नसावेत. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. हे 'खुशाल' मी रिवाज म्हणून लिहीत नाही, मोजूनमापून लिहितोय. गेल्या आठवड्यात पत्र लिहायला बसलो असतो तर कागदावर शाईपेक्षा पाणीच जास्त दिसलं असतं. आता सगळं ठीक आहे, तेव्हा पुढचं वाचताना उगाच छातीवर हात ठेवू नकोस.

तुझी भाची मुंगी मोठ्या शाळेत जायला लागली, हे तुला ठाऊक आहेच. जुनी शाळा गल्लीच्या टोकाला होती आणि बाराच्या ठोक्याला सुटायची, त्यामुळे पोरगी जेवायला घरी. नवी शाळा तीन मजली, बसने दोन थांबे, आणि सुटते चारला. म्हणजे डबा आला. नेमकं त्याच आठवड्यात तुझ्या भावजयीला हॉस्पिटलात सकाळपाळी लागली. ती साडेपाचलाच घराबाहेर पडते. जाताना म्हणाली, "डबा तुमच्याकडे." मी म्हटलं, त्यात काय एवढं! वीस वर्षं लोकांच्या घरातलं पाणी हवं तिथे नेतोय आणि नको तिथून काढतोय. मूठभर भाजी आणि थोडा भात एका डब्यात बसवणं मला जड जाणार होतं? (भावजय यावर काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही वेळेवर आठवत नाही.)

पहिल्या दिवशी टोमॅटोचा रस्सा केला. डबा स्टीलचा, गोल, आट्यांच्या झाकणाचा. दुकानदाराने 'अजिबात गळत नाही' म्हणून शपथेवर दिलेला. संध्याकाळी मुंगीने दप्तर उघडलं तर इतिहासाच्या पुस्तकातल्या झाडून सगळ्या राजांना गोवर उठलेला. पोर काही बोलली नाही, नुसती पानं एकेक करून वाळत घालत बसली. तिचं ते न बोलणं मला लागलंच, पण खरं सांगू? त्याहून जास्त लागली ती गळती. माझ्या घरात गळती! गावभर ज्याला गळती थांबवायला बोलावतात त्याच्या घरात! मी तडक झाकणातलं ते दुकानी रबर उपटून फेकलं, गरम पाण्याच्या पाइपांना वापरतो तो जाड रबरी वायसर मापात कापून बसवला, वर आट्यांना पांढऱ्या टेपचे दोन वेढे दिले. मग डबा पाण्याने भरून, उलटा करून, तीन तास खिडकीच्या कडीला टांगून ठेवला. खाली वर्तमानपत्र. एक थेंब नाही! मी ते कोरडं वर्तमानपत्र शेजारच्या शिंपीकाकांना दाखवलं, दूधवाल्याला थांबवून दाखवलं, मुंगीला तर दोनदा दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, बाप म्हणून आपण एका गोष्टीत तरी पास झालो.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो भरलेलाच. थेंब सांडलेला नव्हता हे खरं, पण घासही खाल्लेला नव्हता. आमच्या घरी पद्धत अशी, की बाहेरून आल्याबरोबर खरकटी भांडी गरम पाण्याच्या टबात सोडायची. डबाही तिथेच पडायचा. अर्ध्या तासाने मी तो काढून उघडायचो, आणि आत सकाळी घातलेलं सगळं जसंच्या तसं. त्या दिवशी मी म्हटलं, नवी शाळा आहे, पोर बावरली असेल. ("का गं, आवडलं नाही का?" "आवडलं ना, बाबा." "मग खाल्लं का नाहीस?" "वेळच नाही मिळाला." आणि एवढं बोलून रात्रीचं जेवण आईच्या ताटातल्या घासांसकट संपवलं.) तिसऱ्या दिवशी बटाटे आणि अंडी दिली. परत. चौथ्या दिवशी गाजराच्या चांदण्या कापल्या. ताई, चांदणी कापायला किती वेळ लागतो याची तुला कल्पना नाही. पाच टोकं येईपर्यंत गाजर संपतं. त्या चांदण्या संध्याकाळी माझ्याकडेच बघत होत्या. पाचव्या दिवशी डब्यात चिठ्ठी ठेवली, 'बाळ, दोन घास तरी खा.' चिठ्ठीही परत आली, न वाचलेली, घडी न मोडलेली.

आणि मग आणखी वाईट झालं. आधी निदान ती घरी येऊन वाघासारखी जेवायची. आता घरीही 'भूक नाही' म्हणायला लागली. म्हणजे शाळेत खात नाही, घरी खात नाही, मग पोर जगते कशावर? तुझ्या भावजयीने तिचं वजन केलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ बघितली आणि म्हणाली, "पोरगी ठणठणीत आहे, तुमच्या स्वयंपाकाचं मात्र सांगता येत नाही." मी औषधवाल्याकडून भूक लागायचं पातळ औषध आणलं. मुलीला द्यायच्या आधी बापाने चाखावं म्हणून दोन चमचे स्वतः घेतलं आणि कामाला गेलो. एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे बेसिन तुंबलं होतं. ते निघालं की नाही मला आठवत नाही, पण त्यांच्या टेबलावरची अख्खी पावाची लादी मी त्यांच्याशी गप्पा मारता मारता खाल्ली, हे त्यांनी मला नंतर फोन करून सांगितलं. औषध तिथेच थांबवलं.

तुला हसू येत असेल. मला येत नव्हतं. रोज सकाळी मी अगदी वाफा येत असताना डबा भरत होतो (निवलेलं अन्न मुलांच्या घशाखाली उतरत नाही, हे तूच मला शिकवलंस), सगळा जोर लावून झाकण आवळत होतो, आणि बसमध्ये चढणारी ती एवढीशी पाठ बघत होतो. दप्तर तिच्याहून मोठं. मनात यायचं, त्या सहाशे पोरांत ही कुठे बसत असेल? कोणाशेजारी? जुन्या शाळेतही ही कुणात मिसळणारी नव्हतीच. डबा न उघडता परत आणणारं मूल काय सांगत असतं? भूक नाही हे, की माझ्याजवळ बसायला कोणी नाही हे? पहाटे उठून मी कांदा चिरताना रडत होतो आणि भावजयीला सांगत होतो की कांदा आहे. (त्या दिवशी उकडलेली अंडी होती.)

नवव्या दिवशी चिठ्ठी आली. वर्गशिक्षिकेची, शाळेच्या कागदावर : 'आपण उद्या मधल्या सुट्टीत येऊन भेटावे. डब्याबाबत.' दुसऱ्या दिवशी अवजारांची पिशवी खांद्याला तशीच अडकवून, कामावरून थेट शिक्षकांच्या खोलीत गेलो. बाई विज्ञान शिकवतात. चेहरा गंभीर, समोर चहा, आणि चहाशेजारी आमचा डबा, सकाळीच मी वाटाणे भरून दिलेला. आठ दिवसांत मी इतक्या शंका काढल्या होत्या की मी तयारीनेच बोलायला सुरुवात केली, की तिची आई हॉस्पिटलात असते, म्हणजे आजारी नाही, नर्स आहे, आणि मी रोज ताजंच देतो. बाईंनी हात वर केला.

"हा डबा तुमचाच ना?"

"हो."

"जरा उघडून दाखवता?"

मी हसलो. गंजलेले, तीस-तीस वर्षांचे नळ ज्या हातांनी सोडवले त्याच हातांनी झाकण धरलं आणि फिरवलं. झाकण हललं नाही. पुन्हा फिरवलं. रुमाल घेऊन फिरवलं. मग खुर्चीत बसून, डबा गुडघ्यांत धरून फिरवलं, तेव्हा झाकण फिरलं नाही, मीच खुर्चीवरून फिरलो. शिपाईमामा मदतीला धावले. त्यांनी बूड धरलं, मी झाकण, आणि आम्ही दोघं टेबलाभोवती गोल गोल फिरायला लागलो. दारात पोरींची डोकी एकावर एक जमली होती. त्यातून कुणीतरी ओरडलं, "बाबा, डावीकडे! उजवीकडे फिरवताय तुम्ही!" आवाज ओळखीचा होता, पण एवढा मोठा आवाज आमच्या मुंगीचा असेल असं मला तेव्हा वाटलंच नाही.

शेवटी पिशवीतला मोठा पाना काढला. 'फट्' असा आवाज झाला, शिपाईमामा खाली बसले, आणि वाटाणे वर गेले. वर गेलेले वाटाणे कुठे कुठे उतरले याची यादी देत नाही, एक मात्र थेट बाईंच्या चहात उतरला. बाई कपात डोकावून हसल्या, आणि त्यांच्यामागोमाग दारातली सगळी डोकी. सर्वांत मोठ्याने हसत होती ती आपली मुंगी. वेणी सुटलेली, आणि एक ताडमाड उंच पोरगी तिच्या खांद्यावर कोपर टेकून उभी.

बाईंनी समजावून सांगितलं. कढत अन्न हवाबंद कोंडलं की आतली वाफ निवताना आकसते, आणि बाहेरची हवा झाकणावर ठाण मांडून बसते. संध्याकाळी माझ्या गरम टबात तेच सैल व्हायचं, म्हणून मला कधी कळलंच नाही. पाइपांच्या बाबतीत हे मी हाताखालच्या पोरांना सांगत असतो, ताई. डब्याच्या बाबतीत सुचलं नाही. बाईंची तक्रार काहीच नव्हती. पुढच्या आठवड्यात हवेचा दाब शिकवायचा होता, त्यासाठी डबा ठेवून घेऊ का, एवढंच विचारायचं होतं. "आणि तोवर तिला दुसरा द्या," म्हणाल्या, "उघडणारा."

संध्याकाळी बसथांब्यावरून चालत येताना मी विचारलं, "पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस?"

मुंगी म्हणाली, "तुम्ही दूधवाल्यालासुद्धा दाखवला होतात, बाबा."

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. मग तिनेच हळूहळू सगळं सांगितलं. झाकण बदलल्यावरचे पहिले दोन दिवस ती जिन्याखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती, भूक नसल्यासारखं तोंड करून. मोठ्या शाळेत 'उघडून द्या' असं कुणाला म्हणायचं नसतं म्हणे, ते लहान पोरं म्हणतात. तिसऱ्या दिवशी ती उंच पोरगी (तिला सगळे शिडी म्हणतात) येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "दे इकडे." तिला उघडेना. तिने दुसरीला बोलावलं, दुसरीने तिसरीला. कुणी पट्टीने ठोकलं, कुणी झाकणावर बसून पाहिलं. शुक्रवारपर्यंत रांग लागायला लागली. शिडीने नियम केला : एक प्रयत्न, एक घास. ज्याला झाकण फिरवून बघायचंय त्याने आधी मुंगीला आपल्या डब्यातला घास द्यायचा. आणि ही बया अकरा डब्यांतून पोटभर जेवून घरी येत होती, आणि मी तिला भुकेचं औषध शोधत हिंडत होतो! जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, तसा माझा त्या रस्त्यात पडला. तिथेच कट्ट्यावर बसलो आणि हसलो. मग जरा डोळे पुसले. तिने कांद्याचं विचारलं नाही.

आता प्लास्टिकचा साधा डबा आणलाय. समोर कुणी शिंकलं तरी उघडतो, आणि थोडा गळतोही. मी गळू देतो. काल तो रिकामा परत आला तेव्हा मी तो उजेडात धरून दोन मिनिटं नुसता बघत उभा होतो. भावजय म्हणाली, "आत नळ शोधताय का?"

भावोजींना माझा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना जपून राहायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक सांगायचं राहिलंच. त्या अकरा जणी येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. शिक्षकांच्या खोलीत, वाटाणे वेचताना, भावनेच्या भरात मीच बोलावून बसलो. भावजयीची रविवारी ड्युटी आहे. आमच्या घरी चार ताटं आहेत. ताई, या पोरीकडे आजपर्यंत एकही मैत्रीण आलेली नाही, एकही. तेव्हा शनिवारीच ये, आणि तुझं ते मोठं पातेलं आण. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा : भावजयीने आत्ताच पत्र वाचलं. ती म्हणते, मी रांधणार हे कळल्या दिवशीच तिने ड्युटी बदलून घेतली आहे, त्यामुळे तुला गुडघे घेऊन धावायची गरज नाही. तरी ये. पातेलं तर आणच.

ता. क. तिसरा : आत्या, मी मुंगी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. बाबांना घाबरवू नकोस, पण अकरा नाही, सतरा जणी येणार आहेत. आणि शिडी एकटीच तिघींचं खाते.